‘सिंग’ म्हणजे गाणे की म्हणणे? एका सोप्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि उपयोग

नांदुऱ्यात एखाद्या घरी पाहुणे आले, की घरातल्या लहान मुलीला हमखास सांगितलं जातं, “गानं म्हन नं एखांदं.” वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘गानं’ आणि ‘म्हन’. आता हेच वाक्य शाळेत इंग्रजीत करायला दिलं, तर बरीच मुलं ‘से अ साँग’ असं लिहून मोकळी होतात. बरोबर उत्तर आहे ‘सिंग अ साँग’. बाईंची लाल रेघ पडते, मार्क जातो, पण चूक का झाली हे सहसा कुणी सांगत नाही. मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, हे उत्तर अर्धंच आहे. खरं कारण आपल्या मराठीत आहे.

मराठीत ‘म्हणणे’ हे क्रियापद दोन कामं करतं. ‘तो येतो म्हणाला’ यात ते बोलण्याचं काम करतं आणि ‘आरती म्हणा’ यात गाण्याचं. संस्कृतातल्या ‘भण्’ म्हणजे बोलणे या धातूपासून ते प्राकृतमार्गे मराठीत आलं. गुजरातीत त्याच धातूचं ‘भणवुं’ झालं आणि त्याचा अर्थ शिकणे असा आहे. पाठ करून म्हणणं हेच पूर्वी शिकणं होतं, त्यामुळे यात नवल नाही. ‘गाणे’ हे क्रियापद मात्र ‘गै’ या वेगळ्या धातूचं.

मग आपण ‘गाणं गा’ न म्हणता ‘गाणं म्हण’ का म्हणतो? एक साधं कारण कानाचं आहे. मराठीत नामही ‘गाणे’ आणि क्रियापदही ‘गाणे’, त्यामुळे ‘गाणे गाणे’ ऐकायला अडखळल्यासारखं वाटतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘ती गाते’ म्हटलं की ती गाणं शिकलेली आहे किंवा कार्यक्रम करते, असा अर्थ निघतो. ‘ती गाणं म्हणते’ यात तसा काही दावा नसतो, भांडी घासतानाही गाणं म्हणता येतं. भीमसेन जोशी ख्याल ‘गात’, ते ख्याल ‘म्हणत’ असं कुणी बोलत नाही. इंग्रजीत हा भेद वेगळ्या शब्दाने नाही, काळाने दाखवतात. ‘शी सिंग्ज’ म्हणजे ती गाते, गाणारी आहे. ‘शी इज सिंगिंग’ म्हणजे ती आत्ता गाणं म्हणतेय.

‘म्हणणे’चं इंग्रजी करताना

एक प्रश्न स्वतःला विचारा: जे म्हटलं जातंय त्याला चाल आहे का? चाल असेल तर ‘सिंग’. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, ते ‘सिंग’. आरती, अभंग, पाळणा, जात्यावरची ओवी, हेही ‘सिंग’. पाढे किंवा पाठ केलेली कविता चालीविना म्हटली तर ‘रिसाइट’. एकाच ठेक्यात, दोन-तीन सुरांत पुन्हा पुन्हा म्हटलं जाणारं ते ‘चँट’. नामजप आणि मंत्र यांत येतात, आणि गंमत म्हणजे मोर्चातल्या घोषणाही.

काही ठिकाणी सीमारेषा पुसट असते. नांदुऱ्यात महामार्गालगत १०५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे. तिच्यासमोर कुणी मारुतिस्तोत्र भराभर म्हटलं तर ‘रिसाइट’ किंवा ‘चँट’, आणि पेटी-तबल्यावर हनुमान चालीसा चालली असेल तर ‘सिंग’. जवळच्या शेगावला गजानन विजय ग्रंथाच्या २१ अध्यायांचं पारायण होतं. ओव्या असतात, वाचताना हेलही लागतो, तरी आपण पोथी ‘वाचतो’. इथे ‘रीड’ किंवा ‘रिसाइट’ बरं. कीर्तन आणि भजन आपण ‘करतो’, पण इंग्रजीत भजनाला ‘सिंग’च चालतं. कीर्तनात मात्र गाण्याइतकंच निरूपण असतं, म्हणून तिथे ‘परफॉर्म’ जास्त नेमकं.

रूपं आणि उच्चार

सिंग, सँग, संग. स्पेलिंगमध्ये फक्त मधला स्वर बदलतो: वर्तमानकाळात ‘आय’, भूतकाळात ‘ए’, तिसऱ्या रूपात ‘यू’. ‘ओ’ आला की नाम होतं, ‘साँग’. ‘रिंग’ याच चालीने चालतं. ‘ब्रिंग’ चालत नाही, त्याचं ‘ब्रॉट’ होतं, आणि ‘स्विंग’चं भूतकाळीही ‘स्वंग’च राहतं. स्पर्धा परीक्षांत नेमकी इथेच फसगत होते. ‘हॅव’ किंवा ‘हॅड’ असेल, किंवा कर्मणी प्रयोग असेल, तर तिसरं रूप. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीत आहे. ते राजा बढे यांनी लिहिलं, श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल दिली आणि शाहीर साबळे यांनी ते गायलं. यातलं शेवटचं इंग्रजीत सांगायचं तर ‘वॉज संग बाय शाहीर साबळे’. इथे ‘सँग’ लिहिलं की चुकलं.

उच्चाराचं म्हणाल तर शेवटचा ‘ग’ स्पष्ट उच्चारायचा नसतो. ‘वाङ्मय’ म्हणताना जो ‘ङ’ येतो, तिथेच थांबायचं. ‘सिंगर’मध्येही तो ‘ग’ मोकळा होत नाही, ‘फिंगर’मध्ये होतो. आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. समजायला त्याने काही अडत नाही.

न गाणं हा अपमान आहे का?

या क्रियापदाचा अर्थ एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात मोलाचा ठरला. १९८५ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेतून काढून टाकण्यात आलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यातल्या तिसऱ्या कलमात राष्ट्रगीताचं ‘सिंगिंग’ मुद्दाम थांबवणं किंवा ते गाणाऱ्या जमावात अडथळा आणणं हा गुन्हा आहे. म्हणजे इतरांचं गाणं अडवणं हा गुन्हा. स्वतः न गाणं हा नव्हे. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की उभं राहून आदर दाखवला असेल तर गाण्यात सामील न होणं हा अनादर ठरत नाही, आणि मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो ओळखला जातो.

गाण्यापलीकडचे अर्थ

इंग्रजीत पक्षी ‘सिंग’ करतात. मराठीत चिमण्या चिवचिवतात, कोकिळेचं कूजन असतं, गाणं क्वचित. चुलीवरची किटली उकळण्याआधी बारीक आवाज करते, तारांतून वारा घुमतो, तेही ‘सिंग’. कानांसाठी हाच शब्द आला तर आपल्याकडे त्याला कान वाजणे म्हणतात.

पोलिसांच्या गोष्टींत ‘सिंग’चा अर्थ साथीदारांची नावं सांगून टाकणे. इंग्रजीत आरोपी कॅनरी पक्ष्यासारखा गातो, मराठी बातम्यांत तो पोपटासारखा बोलतो. दोन्हीकडे पिंजऱ्यातलेच पक्षी. कुणाचे ‘प्रेझेस’ सिंग करणे म्हणजे गोडवे गाणे, आणि इथे मराठीतही ‘गाणे’च लागतं. ‘गोडवे म्हणणे’ होत नाही. ‘सिंग आउट’ म्हणजे मोठ्याने हाक मारणे. कुणाचं बोलणं ‘सिंगसाँग’ असेल तर तो हेल काढून बोलतो. वस्तू ‘फॉर अ साँग’ मिळाली म्हणजे कवडीमोलाने मिळाली, तिथे गाण्याचा संबंध नाही.

आणखी एक जुळ्यासारखा दिसणारा शब्द आहे, ‘सिंज’. अर्थ वरवर भाजणे, केस किंवा कापड करपणे. ‘सिंग’च्या स्पेलिंगपुढे एक ‘ई’ लावला की तो होतो. ‘आयएनजी’ जोडताना हा ‘ई’ काढायचा नाही. काढलात, तर इस्त्रीखाली करपणारा सदरा गाऊ लागेल.