गळाची काठी आणि तिच्या कड्या

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचें नांव महाराष्ट्रांत घेतलें जातें तें बहुधा त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत जुन्या मराठीचे कांहीं अवशेष सांपडतात म्हणून. इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध झालेला हा संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ सालीं निघाला. पंडितांचें लक्ष त्यांतील राजनीतीकडे व संगीताकडे गेलें, आणि तें योग्यच होतें. परंतु याच ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ या नांवाचें एक प्रकरण आहे. सुमारें ३५ जातींचे मासे, त्यांचें खाद्य, त्यांना एका जागीं जमविण्यासाठीं टाकावयाचा चारा, दोरा, गळ आणि काठी, एवढ्या सर्वांचें विवेचन राजानें त्यांत मोठ्या आवडीनें केलें आहे.

एका गोष्टीची चर्चा मात्र तेथें शोधूं नये, आणि ती म्हणजे काठीवरील कड्यांची. दोरा जोंवर काठीच्या शेंड्याला बांधलेला असतो, तोंवर कड्यांचा प्रश्नच उद्भवत नाहीं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पैनगंगेच्या डोहावर बसणाऱ्या पोराची काठी आजही याच जातीची आहे. काठीची व दोऱ्याची लांबी मिळून जेवढें अंतर होईल, तेवढाच त्या पोराचा मुलूख. मासा त्याच्या पलीकडे धांवला कीं दोरा तुटतो, नाहीं तर काठी हातची जाते.

हा मुलूख वाढविला रिळानें. चीनमधील चित्रकार मा युआन याचें इ. स. ११९५ च्या सुमाराचें एक चित्र प्रसिद्ध आहे; त्यांत होडींत बसलेल्या कोळ्याच्या काठीवर रीळ स्पष्ट दिसतें. इंग्लंडांत टॉमस बार्कर यानें १६५१ च्या आपल्या पुस्तकांत अशाच साधनाचा उल्लेख केला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जॉर्ज स्नायडर नांवाच्या घड्याळजीनें दांतेरी चाकें घालून असें रीळ केलें कीं मूठ एकदां फिरविली असतां दोऱ्याची फिरकी अनेक वेळां फिरावी. हलकें फिरणारें हें रीळ काठीच्या वरच्या अंगास बसवून आमिष दूर फेकण्याची पद्धति त्यांतून वाढली. आज ज्या काठीस ‘कास्टिंग रॉड’ म्हणतात तिचें कुळ हें.

आतां दोरा मुठीजवळून निघून शेंड्यापर्यंत जावयाचा, म्हणजे वाटेंत त्याला धरून ठेवणाऱ्या कड्या आल्या. आणि कड्या आल्या म्हणजे त्या कोठें बांधावयाच्या हा प्रश्न आला. हल्लीं हौशी मंडळी स्वतः काठी बांधतात, तेव्हां बहुतेकांची अडचण येथेंच होते. छापील कोष्टक समोर ठेवून इंच मोजावे, कीं काठीलाच विचारावें? माझें मत दुसऱ्या पक्षाचें आहे. आणि त्याचें कारण विलायती नसून आपल्या जुन्या गणितांतच आहे.

धनुष्य डोळ्यांपुढें आणा. त्याचा वांकलेला दांडा म्हणजे चाप, ताणलेली दोरी म्हणजे ज्या, आणि ज्येच्या मध्यापासून चापापर्यंतचें अंतर म्हणजे शर. हे शब्द भूमितींत धनुष्यावरूनच आले. आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें सांगून ठेवलें आहे कीं वर्तुळांत शर व उरलेला व्यास यांचा गुणाकार अर्ध्या ज्येच्या वर्गाइतका असतो. मासा लागून काठी वांकली म्हणजे ती चाप होते आणि प्रत्येक दोन कड्यांमधील दोरा ही एकेक ज्या होते. वरच्या अंगास कड्या असलेल्या काठींत दोरा वांकाच्या बाहेरच्या बाजूस असतो, आणि सरळ राहूं पाहणारा तो दोरा आंत, म्हणजे काठीच्या अंगाकडे, ओढला जातो. शर कडीच्या उंचीहून अधिक झाला कीं दोरा काठीला घासलाच म्हणून समजावें. घासला कीं दोरा झिजतो, आणि माशाचा ओढा कड्यांवर वांटला जाण्याऐवजीं काठीच्या अंगावर पडतो.

थोडें गणित करूं. काठीचा एखादा भाग २४ इंच त्रिज्येच्या वर्तुळाप्रमाणें वांकला आहे असें धरा. दोन कड्यांत ८ इंच अंतर ठेवलें तर शर सुमारें एकतृतीयांश इंच येतो. अंतर निम्में, म्हणजे ४ इंच केलें तर तो एकद्वादशांश इंचावर उतरतो. अंतर निम्में, शर चौथाई! म्हणून शेंड्याकडे, जेथें काठी बारीक असून वांक तीव्र असतो, तेथें कड्या जवळजवळ पाहिजेत, आणि मुठीकडे येतांना अंतर क्रमाक्रमानें वाढत गेलें पाहिजे. मग कड्यांची गर्दीच कां करूं नये? कारण प्रत्येक कडीला वजन आहे, आणि शेंड्यावरचें वजन काठीला सुस्त करतें. फेकतांना दोऱ्याचें घर्षणही वाढतें. काठी जितके फूट लांब तितक्या कड्या आणि वर एक, हा कारागिरांचा आडाखा या दोहोंमधील तडजोड आहे. सात फुटी काठीस आठ, आणि शेंड्याची निराळी.

परंतु वांक प्रत्येक काठीचा निराळा, आणि येथें कोष्टक लंगडें पडतें. हें वेळूच्या काळीं कोणास शिकवावें लागत नसे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील सातपुड्याच्या रानांत मानवेल नांवाचा जो जवळजवळ भरीव वेळू होतो, त्याच जातीचा माल कलकत्त्याच्या बंदरांतून परदेशीं जाई व तेथें ‘कलकत्ता केन’ म्हणून विकला जाई. लष्करांतील भाल्यांचे दांडेही याचेच. पेन्सिल्व्हानियांतील ईस्टन गांवच्या सॅम्युअल फिलिप यानें १८४० नंतरच्या दशकांत असा वेळू चिरून, त्याच्या पट्ट्या सांधून काठ्या केल्या. पुढें हायरम लेनर्डनें सहा पट्ट्यांची काठी नांवारूपास आणली. या वेळूंवर भाजल्याचे डाग असत आणि कारागिरास ते टाळून पट्ट्या निवडाव्या लागत. पुढें चीनमधील ‘टोंकिन’ वेळूनें कलकत्त्याच्या वेळूला मागें टाकलें. तो वेळू टोंकिनचा नव्हे, क्वांगतुंगकडचा; त्याला शास्त्रीय नांव १९३१ मध्यें मॅक्ल्यूरनें दिलें. व्यापारी नांवांचा भरंवसा किती धरावा, याचा हा एक मासला.

वेळूची काठी वापरतां वापरतां एका अंगास कायमची वांकते. म्हणून कांहीं जुन्या काठ्यांवर समोरासमोरच्या दोन्ही अंगांस कड्यांची एकेक ओळ बांधीत. आज ही बाजू वर, उद्यां ती. कड्यांच्या द्रव्याचाही इतिहास आहे. ओला, वाळू लागलेला दोरा धातूच्या कडीला खांचा पाडतो, म्हणून चांगल्या काठ्यांना अकीकाचीं वळीं बसवूं लागले. तोच अकीक आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सांपडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याची जागा भाजलेल्या कृत्रिम खनिजांच्या वळ्यांनीं घेतली. वेळूची जागा आधीं कांचतंतूंनीं आणि १९७३ च्या सुमारापासून कार्बनतंतूंनीं. द्रव्यें बदललीं, ज्या आणि शर यांचें नातें तेंच आहे.

तेव्हां नळगंगेच्या किंवा पेनटाकळीच्या जलाशयावर स्वतः बांधलेली काठी नेऊं इच्छिणाऱ्यानें काय करावें? कोष्टकाप्रमाणें कड्या प्रथम चिकटपट्टीनें नुसत्या टेंकवाव्या. कोष्टकाचा उपयोग एवढाच. मूठ पक्की रोंवावी, दोरा सर्व कड्यांतून ओंवून त्याच्या टोंकास वजन बांधावें आणि काठी खरोखर मासा लागल्याइतकी वांकूं द्यावी. मग बाजूनें पाहावें. जेथें दोरा काठीला शिवतो, तेथील दोन कड्या जवळ आणाव्या. जेथें एखाद्या कडीपाशीं दोरा एकदम कोन करतो, तेथें शेजारची कडी तिच्याकडे सरकवावी. वजन कमीजास्त करून हें दोनतीनदां करावें. रिळाजवळची पहिली कडी मात्र वांकावरून ठरत नाहीं. तेथें फिरकीवरून डावीउजवीकडे फिरत सुटणारा दोरा फार तिरका येऊं नये एवढें पाहावें आणि दोनचार फेंकी करून जागा नक्की करावी.

एक अडचण तरीही उरते. वर कड्या असलेली काठी ताणाखालीं स्वतःभोंवतीं पिळवटून कड्या खालीं घेऊं पाहते. यावर कांहीं कारागीर मुठीजवळची कडी वर, पुढील एकदोन बगलेला आणि शेंड्याकडील सर्व खालच्या अंगास, अशी नागमोडी ओळ बांधतात. काठी विचित्र दिसते खरी, पण शेंड्याकडे दोरा काठीला शिवत नाहीं आणि पीळही पडत नाहीं. असें सर्व ठरल्यावर प्रत्येक जागीं खूण करावी, चिकटपट्टी काढावी, कडीचे दोन्ही पाय रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्यानें आंवळून बांधावे, आणि त्यावर रोगणाचा हात द्यावा.