घरगुती तरणतलावातील सक्शन लाइनचा इतिहास

तरणतलावातील पाणी ज्या नळीतून पंपाकडे खेचले जाते तिला सक्शन लाइन म्हणतात. ती तुंबण्याचा प्रश्न मात्र तरणतलावाइतका जुना नाही, कारण गाळण्याची यंत्रणा येण्यापूर्वी तलाव भरायचा, पाणी मळले की सोडून द्यायचे आणि पुन्हा भरायचा, एवढीच रीत होती. पंप तेच पाणी फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवू लागला, तेव्हा पालापाचोळा, केस आणि खडेही त्याच नळीच्या वाटेला लागले.

हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात. त्यामागे एक जुना शोध होता. कार्ल एकली हे संग्रहालयांसाठी प्राण्यांचे हुबेहूब नमुने उभारणारे कलावंत; शिकागोच्या फील्ड संग्रहालयाच्या भिंतींच्या डागडुजीसाठी त्यांनी सिमेंट फवारणारे यंत्र तयार केले आणि १९११ साली त्याचे पेटंट घेतले. ‘गनाइट’ नावाने रूढ झालेल्या या फवारणीमुळे पुढे हव्या त्या वळणाचे तलाव बांधता येऊ लागले, आणि थॉमस चर्च यांनी आखलेल्या सोनोमा येथील डॉनेल बागेतील १९४८च्या तलावाने तर वळणदार तलावांची आवडच रुजवली. या देखणेपणापायी नळ्या मात्र काँक्रीट आणि फरशीखाली कायमच्या गाडल्या गेल्या, त्यामुळे खोदून पाहणे हा अगदी अखेरचा उपाय ठरला.

न खोदता नळी मोकळी करण्याचे तत्त्व सतराव्या शतकातले आहे. पंप पाणी ओढतो असे म्हटले जाते, पण खरे तर तो नळीतील दाब फक्त कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्याला पुढे रेटतो, ही गोष्ट तोरिचेल्ली यांच्या १६४०च्या दशकातील पाऱ्याच्या प्रयोगाने स्पष्ट झाली. हवेचा हा भार जेमतेम दहा मीटर उंचीच्या पाण्याइतका असल्याने पंप कितीही मोठा असला तरी अडकलेल्या बोळ्यावर त्याचा जोर मर्यादितच पडतो. शिवाय प्रत्येक ओढीसरशी तो बोळा अधिकच घट्ट बसतो. याउलट नळाच्या पाण्याचा दाब बहुधा हवेच्या दाबाच्या तिप्पट-चौपट असतो. म्हणून पंप बंद करून, त्याच्या तोंडाशी असलेली जाळी आधी साफ करून आणि बाकीच्या नळ्यांना बुचे मारून, पंपाच्या बाजूने उलटे पाणी सोडण्याची पद्धत रूढ झाली. बागेच्या पाइपाला जोडलेली रबरी पिशवी नळीत फुगून ती घट्ट बंद करते आणि पाण्याचा लोट बोळ्याला स्किमरकडे, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा टिपणाऱ्या काठावरच्या तोंडाकडे, परत लोटतो. निव्वळ मोठा पंप बसवून नळी मोकळी होईल ही समजूत त्यामुळे भाबडीच म्हणावी लागते.

पंपाच्या याच ओढीवर तळ झाडण्याचे काम सोपवण्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिये यांनी १९७४ साली ‘क्रीपी क्रॉली’ या स्वयंचलित यंत्रातून साकारली. तलाव स्वच्छ राहू लागले, पण पाने आणि काड्या थेट नळीच्या तोंडी जाऊ लागल्या.

ओढीची दुसरी बाजू याहून गंभीर होती. तळाचे एकच तोंड शरीराने झाकले गेले, तर ते तोंड माणसालाच धरून ठेवते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली अशाच अपघातात दगावली, आणि तिच्या नावाचा कायदा २००७ साली संमत झाला. सार्वजनिक तलावांना त्याने सुरक्षित झाकणे सक्तीची केली. घरगुती तलावांवर तशी थेट सक्ती नसली, तरी अमेरिकेत विकले जाणारे तळतोंडाचे प्रत्येक झाकण ठरलेल्या सुरक्षा मानकाचेच असावे लागते.