हवा मोजणाऱ्या कागदाची कुळकथा

शहराची हवा मोजणारे जुन्या धाटणीचे यंत्र पहिल्यांदा पाहिले की ते फार साधे वाटते. एखाद्या कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या गच्चीवर उतरत्या छपराची धातूची पेटी उभी असते आणि आत मोटर घरघरत असते. छपराखाली काचेच्या तंतूंचा एक पांढरा कागद आडवा बसवलेला असतो, साधारण वहीच्या पानाएवढा. मोटर हवा ओढते, हवा कागदातून आरपार जाते, धूळ कागदावर राहते. आठ तासांनी कर्मचारी गच्चीवर येतो, करडा पडलेला कागद अलगद काढतो, घडी घालून पाकिटात ठेवतो आणि नवा लावतो. प्रयोगशाळेत कागदाचे वजन दोनदा होते, लावण्यापूर्वी आणि काढल्यावर. दोन्ही वेळा आधी तो ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेवावा लागतो, कारण हवेतले पाणी धुळीच्या हिशेबात येता कामा नये. यंत्र मिनिटाला घनमीटरभर हवा ओढत असेल आणि दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर आठ तासांत शंभरेक मिलिग्रॅम जमते. त्या एवढ्याशा वजनावर शहराची हवा चांगली की वाईट हे ठरते.

आता मोबाइलवर दिसणारा आकडा स्वयंचलित केंद्रांतून येतो. पण त्यांतल्या अनेक यंत्रांच्या पोटात आजही कागदाची फीत असते. तासभर हवा फितीच्या एका ठिपक्यातून जाते, मग त्या ठिपक्यातून बीटा किरण सोडतात. जितके किरण अडले तितकी धूळ जास्त. फीत पुढे सरकते आणि पुढचा तास सुरू होतो. तासाला एक डाग ही रीत शंभर वर्षांहून जुन्या घराण्यातून आली आहे.

हे घराणे लंडनचे. १६६१ साली जॉन एव्हलिनने दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध ‘फ्युमिफ्युजियम’ ही पुस्तिका राजाला अर्पण केली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात जॉन ग्रॉन्टने साप्ताहिक मृत्युपत्रकांवरून माणसे कशाने मरतात याचा पहिला पद्धतशीर हिशेब मांडला आणि लंडनच्या अनारोग्याला कोळशाचा धूरही कारणीभूत असल्याचे सुचवले. धुराची तक्रार आणि मृत्यूची नोंद अशी वर्षभराच्या अंतराने छापली गेली. पण एव्हलिनकडे धूर मोजायचे साधन नव्हते. ते यायला अडीचशे वर्षे लागली.

१९१२ साली लंडनमध्ये धूरनिवारणाचे प्रदर्शन भरले आणि त्यातून हवेच्या प्रदूषणाची तपासणी करणारी एक समिती जन्माला आली. तिचा कणा होते डॉ. जॉन स्विट्झर ओवेन्स. ते डॉक्टरही होते आणि अभियंतेही. आधी समितीने मोठाली नरसाळी उघड्यावर मांडली. पावसाबरोबर पडणारी काजळी खालच्या बाटलीत जमायची आणि महिन्याने तिचे वजन व्हायचे. त्यातून महिन्याचा हिशेब कळे, दिवसाचा नाही. शिवाय बाटलीत पडते ती जड काजळी. श्वासात जाते ती बारीक, तरंगणारी. ओवेन्स यांनी मग घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारी गाळणी बनवली. ती ठरावीक वेळाने मोजकी हवा पांढऱ्या कागदातून ओढायची आणि दिवसभरात कागदावर करड्या ठिपक्यांची रांग उमटायची. ठिपक्याची छटा ठरवून दिलेल्या छटांशी ताडून पाहायची. शहर कोणत्या वेळी किती धूर ओकते, हे पहिल्यांदाच कागदावर आले.

तरीही घरगुती धुराला कायद्याने हात लावला नाही. चाळीस वर्षे कागद काळे होत राहिले, अहवाल निघत राहिले आणि लंडनकर घराघरांतून कोळसा जाळत राहिले. नुसत्या मोजणीने कोणाची झोप उडत नाही. माझ्या मते या कुळकथेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

झोप उडाली ती डिसेंबर १९५२ मध्ये. ५ ते ९ तारखेपर्यंत थंड, वाराहीन हवेने लंडनवर झाकण घातले आणि चुलींचा, वीजघरांचा धूर खालीच कोंडला. त्या दिवसांत माणसे रस्त्यावर पटापट कोसळली नाहीत. ती घरात, रुग्णालयात, म्हातारपणाच्या आणि दम्याच्या नावाखाली गेली. किती गेली हे कळले ते नोंदवही उघडल्यावर. सरकारी संशोधन खात्यातले ई. टी. विल्किन्स यांनी एकाच आलेखावर रोजचा धूर, रोजचा सल्फर डायऑक्साइड आणि रोजचे मृत्यू काढले. रेषा बरोबरीने चढल्या होत्या. सुमारे ४,००० जादा मृत्यू, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढचे काही महिनेही मृत्यू चढेच राहिले होते आणि त्याचे खापर सरकारने इन्फ्लुएन्झावर फोडले. ते महिने धरले तर आकडा १२,००० च्या घरात जातो, असे २००१ मधल्या फेरतपासणीत निघाले. १९५६ साली ब्रिटनचा स्वच्छ हवा कायदा आला. १९६१ पासून देशभर हजाराहून अधिक ठिकाणी कागद लावून रोज धूर मोजला जाऊ लागला.

लंडनचा धूर डोळ्यांना दिसत होता. दिसेनाशी धूळही मारते, हे सिद्ध करणे अधिक अवघड होते. ते अमेरिकेत झाले. तिथे एव्हाना गाळणीत सुधारणा होऊन हवेतली जाडी धूळ आधीच वेगळी काढता येऊ लागली होती. २.५ मायक्रोमीटरहून लहान कण, म्हणजेच पीएम २.५, वेगळे तोलता येऊ लागले. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर असते, यावरून या कणांची कल्पना यावी. हे मुख्यतः ज्वलनातून जन्मतात आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात.

उटा राज्यातल्या एका खोऱ्यात १९८६-८७ मध्ये संपामुळे पोलादाचा कारखाना वर्षभराहून अधिक काळ बंद होता. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या नोंदी काढल्या आणि धुळीच्या मोजणीशेजारी मांडल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या विकाराने दाखल झालेली मुले बंद हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. हार्वर्डच्या संशोधकांनी १९७४ पासून सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा माग ठेवला होता. १९९३ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. ओहायोतल्या स्टूबेनव्हिलमध्ये मृत्यूचे प्रमाण विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होते, आणि तेही धूम्रपान, वय, वजन हे सगळे हिशेबात धरून. उद्योगांनी आक्षेप घेतले, आकडेवारी त्रयस्थांकडून पुन्हा तपासून घेतली गेली, निष्कर्ष टिकला. दरम्यान १९९७ साली अमेरिकेने पीएम २.५ चे पहिले मानक ठरवले होते.

हार्वर्डच्या त्या अभ्यासातला एक आकडा आपण भारतीयांनी पाठ करावा असा आहे. सहांपैकी सर्वांत मलिन शहरात, स्टूबेनव्हिलमध्ये, पीएम २.५ ची सरासरी दर घनमीटरला २९.६ मायक्रोग्रॅम होती. भारताने २००९ मध्ये ठरवलेली वार्षिक मर्यादा ४० आहे. म्हणजे ज्या हवेत माणसे लवकर मरतात हे सिद्ध झाले, ती हवा आपल्या नियमानुसार आजही उत्तीर्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली.

भारतात कागद पोचायला उशीर झाला, आणि तो आला तो नागपुरातून. तिथल्या ‘नीरी’ संस्थेने १९७८ मध्ये दहा शहरांत हवा मोजायला सुरुवात केली. १९८४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जाळे पसरू लागले. आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस, हा त्याचा नेम ठरला. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत ‘सफर’ उभारली, मग ती पुण्या-मुंबईतही आली. आणि मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या चमूने १९७० च्या दशकातच कमी-अधिक प्रदूषणाच्या वस्त्यांतल्या आणि खेड्यातल्या लोकांची तपासणी करून खोकला, धाप आणि हवा यांचे नाते शोधले होते. गिरण्यांची धुराडी चालू असतानाचे हे काम आज फारसे कोणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

कारण तो धागा फारसा पुढे नेला गेला नाही. कागद प्रदूषण मंडळाकडे गेला, मृत्यूची वही महापालिकेच्या आरोग्य खात्यात राहिली. संसदेत प्रश्न आला की वर्षानुवर्षे उत्तर ठरलेले: केवळ प्रदूषणाने मृत्यू होतो असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी देशात नाही. दोन वह्या सहसा शेजारी ठेवल्याच जात नसतील, तर ती येणार कुठून? २०२४ मध्ये दहा भारतीय शहरांसाठी त्या ठेवल्या गेल्या. २००८ ते २०१९ या काळातल्या रोजच्या मृत्युनोंदी आणि रोजचे पीएम २.५. सुमारे ७.२ टक्के मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेच्या दैनंदिन मर्यादेवरच्या धुळीशी जोडलेले निघाले, म्हणजे दहा शहरांत मिळून वर्षाला सुमारे ३३,०००. मुंबईत वर्षाला सुमारे ५,१००, पुण्यात सुमारे १,४००. ‘समुद्राचा वारा आहे, आपल्याला काय’ असे म्हणणाऱ्या मुंबईकरांनी हे वाचावे.

एकाच मृत्यूपुरत्या अशा दोन वह्या जुळवल्या की काय होते, याचे उदाहरण पुन्हा लंडनचेच. तिथल्या लुईशम भागात नऊ वर्षांची एक दमेकरी मुलगी २०१३ मध्ये गेली. मैलभरावरच्या केंद्रातले आकडे आणि तिला तातडीने रुग्णालयात नेल्याच्या तारखा एका तज्ज्ञ डॉक्टरांनी जुळवून पाहिल्या. तिच्या आईने लढा सोडला नाही. डिसेंबर २०२० मध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच, मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण लिहिले गेले.

इकडे भारताच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा योजनेत, जिच्यात सर्वाधिक शहरे महाराष्ट्राची आहेत, यश मोजतात ते जाडी धूळही धरणाऱ्या पीएम १० वर. रस्ते धुतले, फवारे उडवले की तो आकडा उतरतो. बारीक धूळ रस्ता धुऊन जात नाही. तिच्यासाठी वाहने, भट्ट्या, वीजघरे आणि जळता कचरा यांनाच हात घालावा लागतो. म्हणून हिशेब पीएम २.५ वर व्हायला हवा.

आणि एक मागणी कोणत्याही नागरिकाला करता येईल. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने महापालिकेत होतेच, आणि हवेचे केंद्र बहुतेक मोठ्या शहरांत आहेच. वाचकहो, आपल्या नगरसेवकाला आणि आयुक्तांना लिहा: दर महिन्याला शहरातले रोजचे मृत्यू, श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण आणि रोजचे पीएम २.५ हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात जाहीर करा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही.