सलाम न करण्याची युक्ति

१८९६ सालच्या जानेवारी महिन्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाचा एक मोटार-विक्रेता केंट परगण्यांतील पॅडॉक वुड या गांवांतून आपली गाडी घेऊन चालला होता. गाडीचा वेग ताशीं ८ मैल. एका शिपायानें तें पाहिलें, सायकल काढली, पाठलाग केला आणि त्याला गांठलें. कोर्टानें वेगाबद्दल त्यास १ शिलिंग दंड केला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें वस्तींतून ताशीं २ मैलांहून अधिक वेगानें यांत्रिक वाहन नेणें हा गुन्हा होता, आणि वाहनापुढें एक माणूस पायीं चालत ठेवावा लागे. हा कायदा १८६५ चा. वाफेच्या अवजड इंजिनांकरितां केलेला. पुढच्या माणसाच्या हातांतील तांबडें निशाण १८७८ सालीं गेलें, पण माणूस मात्र राहिला. सायकलवरचा शिपाई मोटारीला पकडूं शकतो, यावरून तो काळ कसा होता हें ध्यानांत येईल. पुढच्या दहाच वर्षांत ही स्थिति साफ पालटली, आणि वेगवान मोटारीचा मालक व रस्त्यावरचा पोलिस यांच्यामध्यें एक लपंडाव सुरू झाला. तो लपंडाव आणि त्यांतून उद्भवलेला कायद्याचा एक बारीक प्रश्न, हा आजचा विषय आहे.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवा कायदा अमलांत आला व मर्यादा १४ मैलांवर गेली. पण संबंधित सरकारी मंडळानें ती लागलीच १२ वर आणली. १९०३ च्या मोटार कायद्यानें ती २० केली, आणि त्याबरोबर गाडीला नंबर व चालकाला परवाना सक्तीचा केला. नंबराची पाटी मोटारवाल्यांना फार झोंबली. घोड्यावर बसून रपेट करणाऱ्या उमरावाच्या पाठीवर कोणी आंकडा लिहीत नसे, मग आमच्याच गाडीवर कां, असा त्यांचा सवाल. त्याच १९०३ सालीं आयर्लंडांतील गॉर्डन बेनेट शर्यतींत येनात्झी या बेल्जियन गृहस्थानें मर्सिडीझ गाडी सरासरी ताशीं ४९ मैलांनीं हांकून विजय मिळविला. म्हणजे कायद्याचा वेग गाडीच्या शक्तीच्या निम्म्याहूनहि कमी. आज आपण ज्यांना स्पोर्ट्‌स कार म्हणतों, त्यांचे हे पूर्वज. ज्याच्या दारीं असा घोडा बांधलेला आहे, त्यानें तो बैलाच्या चालीनें न्यावा, असें कायदा सांगत होता.

परंतु रस्त्याच्या कडेला उभें राहून पाहिलें, म्हणजे दुसरी बाजूहि दिसते. त्या वेळच्या रस्त्यांवर डांबर नव्हतें. एक मोटार भरधांव गेली, कीं पाठीमागें धुळीचा लोट उठे. कुंपणें पांढरीं होत, वाळत घातलेले कपडे मळत, बुजलेला घोडा गाडीसकट खड्ड्यांत जाई. मुलें, कोंबड्या, कुत्रीं यांना आजवर रस्ता हें अंगणासारखें होतें. मोटार विकत घेण्यासारखी संपत्ति फारच थोड्यांपाशीं होती, आणि धूळ मात्र सर्वांच्या वाट्याला आली. खेड्यापाड्यांतील मॅजिस्ट्रेट हे बहुधा जमीनदार, घोड्यांचे शोकी. त्यांची सहानुभूति कोणीकडे असावयाची हें सांगावयास नको. पहिल्या गुन्ह्यास १० पौंडांपर्यंत दंड होऊं शके. चैनीखातर केलेल्या वर्तनाबद्दल सुखवस्तु गृहस्थ मंडळी चोरचिलटांच्या शेजारीं कोर्टांत उभी राहण्याचा प्रसंग त्या देशांत इतक्या वारंवार पूर्वीं क्वचितच आला असेल. १९०८ सालीं निघालेल्या केनेथ ग्रॅहॅमच्या 'द विंड इन द विलोज' या मुलांच्या पुस्तकांत मोटारीच्या वेडानें पछाडलेला एक श्रीमंत बेडूक आहे; त्याला वीस वर्षांची सजा होते. वाचणारे हंसले असतील, पण त्यांतल्या कित्येकांनीं तशी गाडी आपल्या फाटकापुढून जातांना पाहिलेली होती.

आतां पोलिसांची रीत पाहूं. सायकलनें पाठलाग करण्याचे दिवस गेले होते, तेव्हां त्यांनीं सापळ्याची युक्ति काढली. सरळ रस्त्याचा एक टप्पा, समजा एक फर्लांग, मोजून ठेवावयाचा. दोन्हीं टोकांना झुडपांच्या कुंपणाआड शिपाई दडून बसत. गाडी पहिल्या टोकाशीं आली, कीं खूण व्हावयाची व स्टॉपवॉच सुरू व्हावयाचें. दुसऱ्या टोकाशीं तें बंद. ताशीं २० मैलांनीं जाणारी गाडी एक फर्लांग साडेबावीस सेकंदांत ओलांडते. रुमाल हालला तो दिसण्यास व बोट दाबण्यास मिळून दोन सेकंदांची चूक झाली, तर २० मैलांची गाडी २२ मैलांची ठरते आणि निरपराध माणूस गुन्हेगार होतो. मोटारवाल्यांची ही तक्रार खोटी नव्हती. त्यांची दुसरी तक्रार अशी, कीं सापळे मोकळ्या, सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर लागतात. जेथें वळण आहे, शाळा आहे, तेथें शिपाई दिसत नाहीं. हेंहि पुष्कळ अंशीं खरें होतें, कारण मोकळ्या रस्त्यावरच गाडी वेग घेते व शिकार मिळते. तथापि ताशीं ४० मैलांनीं जाणाऱ्यानें स्टॉपवॉचच्या दोन सेकंदांची ढाल पुढें करावी, यांत थोडी लबाडी होतीच.

लंडनहून ब्रायटनला जाणारा रस्ता हा हौशी मोटारवाल्यांचा आवडता, म्हणून पोलिसांचाहि आवडता. १९०५ च्या वसंत ऋतूंत चार्लस जॅरट व विल्यम लेट्स या दोघां मोटार-व्यापाऱ्यांनीं त्या रस्त्यावर सुटीच्या दिवशीं पगारी सायकलस्वार फिरते ठेवले. जॅरट हा साधा व्यापारी नव्हे. १९०२ सालीं आर्देनची शर्यत जिंकलेला तो नामांकित शर्यतपटु. सायकलस्वारांचें काम एकच: सापळा कोठें लागला आहे तें हुडकावयाचें आणि येणाऱ्या गाडीला इशारा द्यावयाचा. युक्ति इतकी फळली, कीं त्याच वर्षीं २९ जून रोजीं लंडनमधील ट्रॉकॅडेरो उपाहारगृहांत सभा भरून ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. आज जिचे लोक रस्त्यांत बंद पडलेली मोटार दुरुस्त करून देतात, त्या प्रतिष्ठित संस्थेचा जन्म पोलिसांना चुकविण्याच्या उद्योगांतून झाला आहे.

पोलिसांनीं या स्वयंसज्ज पहारेकऱ्यांवर फिर्यादी केल्या: हे आमच्या कर्तव्यांत अडथळा आणतात. बॅस्टेबल विरुद्ध लिटल या नांवाचा खटला १९०६ सालीं हायकोर्टापुढें आला. सरन्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांच्यासमोर प्रश्न असा, कीं सापळ्याच्या अलीकडे उभें राहून खूण करणें हा अडथळा होतो काय? कोर्टानें सांगितलें, नाहीं. इशारा दिला त्या क्षणीं त्या गाड्या मर्यादेबाहेर जात होत्या असा पुरावाच नव्हता. कायदा पाळा असें कोणी सांगितलें, तर तो पोलिसाच्या कामांत अडथळा कसा?

मोटारवाल्यांनीं विजय साजरा केला, पण तीनच वर्षांनीं, १९०९ सालीं, बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स हा दुसरा खटला त्याच सरन्यायाधीशांपुढें आला. या वेळीं पोलिस शहाणे झाले होते. गाड्या इशाऱ्यापूर्वींच मर्यादेबाहेर धांवत होत्या हें त्यांनीं सिद्ध केलें. गाडी जोरांत येते, सायकलस्वार खूण करतो, गाडी मोजलेल्या टप्प्यापुरती मंदावते. कोर्टानें शिक्षा कायम केली. गुन्हा चालू आहे, आणि तो पकडण्याचा पुरावाच इशाऱ्यानें नाहींसा होतो, म्हणून हा अडथळा. एकच कृत्य, एकच रस्ता. फरक इतकाच, कीं समोरचा मनुष्य त्या घटकेला गुन्हा करीत होता कीं नव्हता, आणि खूण करणाऱ्याचा हेतु काय होता.

हा न्याय तर्काला धरून आहे. परंतु त्यानें एक अवघड प्रश्न मिटविला नाहीं. सायकलस्वाराच्या खुणेनें गाडी मंदावलीच ना? मग पोलिसांना हवें होतें तें काय, गाडीचा मंदावलेला वेग कीं दहा पौंडांचा दंड? याला कोर्टाचें उत्तर असें, कीं पोलिसाच्या नजरेपुरता थांबलेला गुन्हा हा थांबलेला गुन्हा नव्हे. मला हें उत्तर पटतें. पण खेड्याच्या तोंडाशीं लाविलेल्या सापळ्याची खूण झाली आणि त्यामुळें एखादें मूल वांचलें असेल, तर त्या मुलाच्या आईला तें पटलें असतें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं.

यानंतर संस्थेनें जी तोड काढली ती मोठी गमतीची आहे. संस्थेच्या सभासदांच्या गाडीवर बिल्ला असे, आणि बिल्ला दिसतांच पहारेकऱ्यानें सलाम ठोकावा असा रिवाज होता. सभासदांना कळविण्यांत आलें, कीं पहारेकऱ्यानें सलाम केला नाहीं, तर गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें. सुज्ञास एवढें पुरे होतें. सलाम केल्याबद्दल माणसाला कोर्टांत खेंचतां येईल, पण सलाम न केल्याबद्दल खटला कसा करावयाचा? हा सलामाचा रिवाज १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांपर्यंत टिकला. आपल्या इकडे महामार्गावर समोरून येणारा ट्रकवाला दिवे मिचकावून पुढें पोलिस असल्याचें सुचवितो, तोहि याच कुळांतला. मात्र त्याला बिल्ला लागत नाहीं, तो परक्यालाहि सांगतो.

ज्यांना निव्वळ वेगच हवा होता, त्यांच्यासाठीं १९०७ सालीं वेब्रिज येथें ब्रुकलंड्‌सची शर्यतीची वाट बांधली गेली. तेथें एस्. एफ्. एज यानें नेपियर गाडी चोवीस तास सरासरी ताशीं ६५ मैलांहून अधिक वेगानें चालविली, आणि कोणी शिपाई आडवा आला नाहीं. सार्वजनिक रस्त्यावरची २० मैलांची मर्यादा पुढें इतकी सर्रास मोडली जाऊं लागली, कीं १९३० च्या कायद्यानें मोटारींसाठीं ती काढूनच टाकली. त्या वर्षीं ब्रिटनमध्यें रस्त्यांवर ७,३०५ माणसें मेलीं; १९३४ सालीं ७,३४३. त्या वेळीं देशांत सर्व मिळून पंचवीस लक्ष वाहनेंसुद्धां नव्हतीं. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ३० मैलांची मर्यादा पुन्हां आली. या आंकड्यांपुढें पळवाटांचें कौतुक थोडें आवरतें घ्यावें लागतें.

नंतरच्या काळांत सापळा विजेच्या लहरींचा झाला. रडारची लहर गाडीवर आपटून परत येतांना तिची कंपनसंख्या बदलते व त्यावरून वेग कळतो. आणि त्याबरोबर सायकलस्वाराची जागाहि एका पेटीनें घेतली. परतणाऱ्या क्षीण प्रतिध्वनीवरून पोलिसाला वेग कळण्याच्या आधींच मूळ लहर पुढें दूरवर पोंचलेली असते. ती टिपून पेटी चालकाला सावध करते. अशी पेटी बाळगणें १९४९ च्या बिनतारी कायद्याखालीं गुन्हा समजला जाई. १९९८ सालीं हायकोर्टानें ठरविलें, कीं पोलिसाच्या लहरींत कोणाचा संदेश नसतो, तेव्हां ती टिपणें म्हणजे संदेश चोरून ऐकणें नव्हे. लेझरचे किरण बुजविणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. त्यापायीं ब्रिटनमध्यें तुरुंगवास झालेला आहे. आणि ब्रिटनमध्यें १९९२ पासून जो वेग टिपणारा कॅमेरा लागला, तो मॉरिस गॅट्सोनाइड्स या डच गृहस्थाच्या नांवानें ओळखला जातो. हा १९५३ च्या मॉन्टे कार्लो रॅलीचा विजेता. वळणावर आपली गाडी अधिक वेगानें कशी काढतां येईल हें मोजण्याकरितां त्यानें यंत्र केलें होतें. तेंच पुढें पोलिसांनीं घेतलें.

एका चालकानें पुढें सापळा असल्याचें हात हलवून समोरून येणाऱ्यांना सुचविलें, म्हणून त्याच्यावर अडथळ्याचा आरोप आला. तोंवर सलाम बंद होऊन चाळीस वर्षें लोटलीं होतीं. २००५ सालीं हायकोर्टानें बॅस्टेबल आणि बेट्स हे दोन्हीं जुने खटले पुढें ठेवले, ज्यांना इशारा दिला ते त्या वेळीं मर्यादेबाहेर होते असा पुरावा आहे काय असें विचारलें, आणि तो नसल्यामुळें त्या माणसाला मोकळें सोडलें.