उंट की दोरखंड?

आमच्या शहरात दरवाजांना तोटा नाही. गारखेड्याहून जुन्या शहरात जायचं तर पैठण गेट, पलीकडे मकाई गेट, आणि मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला थोरला भडकल दरवाजा. त्यामुळे येशूच्या 'सुईच्या नेढ्यातून उंट' या दाखल्याचा लोकप्रिय खुलासा आपल्याला चटकन पटतो.

खुलासा असा. जेरुसलेमच्या तटाला म्हणे 'सुईचं नेढं' नावाचा एक बुटका दिंडी दरवाजा होता. रात्री मोठा दरवाजा लागला की उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून आत यावं लागे. म्हणजे श्रीमंताला देवाच्या राज्यात जाता येतं, जरा वाकायला हवं, इतकंच! शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातली दिंडी ज्याने पाहिलीय, त्याच्या डोळ्यांसमोर तर चित्रच उभं राहतं.

पण असा दरवाजा होता याला पुरावा काहीच नाही. टॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात जमवलेल्या टीकांमध्ये ही गोष्ट दिसते. म्हणजे येशूनंतर हजारावर वर्षांनी.

दुसरा खुलासा जास्त हुशार आहे. ग्रीकमध्ये कामेलॉस म्हणजे उंट आणि कामिलॉस म्हणजे जहाजाचा जाड दोरखंड. फरक एका अक्षराचा, आणि पुढेपुढे दोन्हींचा उच्चार एकच झाला. आपल्याकडे सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे दोरा, तसंच. (शाळेत या ऱ्हस्व-दीर्घापायी किती मार्क गेले असतील कुणास ठाऊक.) पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा सिरिल दोरखंडाच्या बाजूने होता. नंतरच्या काही हस्तलिखितांतही दोरखंडच सापडतो.

पण चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन्ही थोर पोथ्यांत चक्क उंट आहे. शिवाय पोथ्या ताडून पाहणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: दोन पाठांपैकी जो खटकतो तो बहुधा मूळचा. नक्कल करणारा माणूस अवघड ते सोपं करतो, सोपं ते मुद्दाम अवघड करत नाही. आणि दोरखंड तरी सुईत कुठे जातो म्हणा!

गंमत म्हणजे कुराणाच्या सातव्या सुऱ्यातही सुईचं नेढं आहे, आणि तिथेही 'जमल' म्हणजे उंट की 'जुम्मल' म्हणजे दोरखंड, असा पाठभेद नोंदलेला आहे. बॅबिलोनच्या ज्यू ग्रंथात, तालमूदमध्ये, सुईतून जातो तो हत्ती. तिथे कुणी दोरखंड शोधत बसलं नाही. मुक्ताबाईची मुंगी सूर्य गिळते, तेव्हा ती कुठल्या जातीची असा प्रश्न आपण विचारतो का? मत्तयाच्याच शुभवर्तमानात चिलट गाळून उंट गिळणारे लोकही आहेत. येशूची बोलायची तऱ्हाच ती.

आणि शब्द तरी किती फिरलाय! मूळ सेमिटिक, हिब्रूत गामाल, ग्रीकात कामेलॉस. अमरकोशात उंटाला 'क्रमेलक' असाही शब्द आहे, तो याच ग्रीक शब्दावरून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

आता मूळ प्रसंग बघा. समोर उभा असलेला श्रीमंत माणूस तरुण होता, हे मत्तय मुद्दाम सांगतो. सगळे नियम पाळणारा, चांगला मुलगा. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो खट्टू होऊन निघून जातो, आणि मग हे उंटाचं वाक्य येतं. ते ऐकून शिष्य हादरतात, मग तरणार तरी कोण असं विचारतात. नुसतं ओझं उतरवून वाकायचं असतं तर ते हादरले कशाला असते? फ्लॅटचे हप्ते आणि शेअर्स सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना दिंडी दरवाजा का आवडतो, ते मात्र कळतं.

मराठी बायबलात आज उंटच आहे. अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले तिथल्याच बायका-मुलींनी. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आणि वैधव्यातून तिथे आलेल्या होत्या.