इंग्रजी शाळेत गप्प बसणारं मूल : पालक आणि शिक्षकांसाठी

कांदिवलीत लालजीपाडा असो की चारकोप, आपल्या घरांत कुठे उर्दू, कुठे मराठी, कुठे कोकणी किंवा दखनी बोलली जाते. मूल मात्र इंग्रजी शाळेत जातं. मराठी-उर्दू माध्यमाची मुलंही यातून सुटलेली नाहीत, कारण राज्यात २००० पासून सर्व माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं.

गप्प म्हणजे कच्चं नव्हे

नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं सुरुवातीचे महिने बोलतच नाहीत. ती ऐकत असतात, मनात साठवत असतात. भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणूनच फटाफट इंग्रजी बोलणारं मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडतं.

चुका कुठून येतात?

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तिच्यात कॅपिटल अक्षरं नाहीत. उर्दू-मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. व्ही आणि डब्ल्यू, दोन्हींना आपण 'व'च म्हणतो. उर्दू बोलणारी कित्येक मुलं 'स्कूल'चं 'इस्कूल' करतात. हा अकलेचा दोष नाही, घरच्या भाषेची सवय आहे. तिचा फायदाही होतो : 'ज़े' आणि 'फ़े' येणाऱ्या मुलाला झेड आणि एफचे उच्चार शिकवावे लागत नाहीत.

वर्गात काय करावं?

• आम्ही शिक्षकांनी धड्याआधी पाच-सहा नवे शब्द चित्र, वस्तू किंवा हावभावाने समजवावेत.
• प्रश्न विचारल्यावर थोडं थांबावं. उत्तर घरच्या भाषेत आलं तरी आधी 'बरोबर' म्हणावं, मग तेच इंग्रजीत सांगावं.
• एकाच भाषेच्या दोन मुलांना शेजारी बसवावं.
• चूक सगळ्यांसमोर काढू नये. बरोबर वाक्य आपण सहज बोलून दाखवावं.

घरी काय करावं?

'घरातही इंग्रजीच बोला' असा सल्ला पालकांना बऱ्याचदा मिळतो. पण अम्मीला इंग्रजी येत नसेल तर घरातलं बोलणंच आटतं. मग शाळेत काय झालं, कोणी चिडवलं, हे मूल सांगणार कसं? म्हणून गोष्टी, हिशेब, स्वयंपाक, बाजार, सगळं आपल्या भाषेत भरपूर बोला. 'बाष्पीभवन' म्हणजे काय हे एकदा आपल्या भाषेत कळलं की इंग्रजीत फक्त नवं नाव शिकायचं उरतं. रोज दहा मिनिटं मुलाला इंग्रजी पुस्तक वाचायला लावा आणि 'यात काय झालं?' हे उर्दूत किंवा मराठीत विचारा.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ नुसार शिक्षण शक्य तिथवर मातृभाषेतून द्यावं. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं. त्यामुळे घरची भाषा बोलल्याबद्दल मुलाला अपमान किंवा शिक्षा सोसावी लागत असेल, तर मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

इंग्रजी आपल्या मुलांना यायलाच हवी. त्यासाठी घरची भाषा सोडायची गरज नाही.