परक्या गावातले बिऱ्हाड

आमच्या शाळेत इतिहासाचा तास म्हणजे सनावळ्यांचा तास. गेली वीस-बावीस वर्षे मी तो घेत आलो आहे, आणि मुलांकडून सनावळ्या घोकून घेण्यात या मास्तरांचा हात धरणारा कोणी नाही, असा माझा गावात लौकिकही आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. जे काही ठाऊक आहे ते पाठ्यपुस्तकातले, नाहीतर कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात चाळलेल्या जुन्या चरित्रांतले.

दोन वर्षांपूर्वी आनंदीबाई जोश्यांविषयी सांगत होतो. फळ्यावर ओळीने मांडले : जन्म १८६५, अमेरिकेस प्रयाण १८८३, पदवी १८८६, मृत्यू १८८७. खडू खाली ठेवला तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, पण तिथं त्या राहायच्या कुणाकडं? आणि जेवायच्या काय?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण उत्तर येत नव्हते. शिवाय त्या प्रश्नामागचा प्रश्न मला ठाऊक होता. दहावीनंतर तिला जिल्ह्याच्या गावी परिचारिकेचे शिक्षण घ्यायला जायचे होते, आणि तिचे वडील घरी नेमके हेच दोन प्रश्न घालून अडून बसले होते. "उद्या सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. त्या 'उद्या'ला चांगले दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जे हाती आले ते असे.

परके गाव आनंदीबाईंना अमेरिकेत प्रथम भेटले नाही. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीला. बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलायचे. कल्याणची ही मुलगी अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी गावे पालथी घालीत श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, पोचली. पायांत बूट घालून, पुस्तके घेऊन नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी बाई म्हणजे त्या काळी तमाशाच. मुंबईत आणि कलकत्त्यात लोकांनी आपला कसा पिच्छा पुरवला, हे त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात स्वतःच सांगितले. एकट्या का जाता, धर्म बुडेल त्याचे काय, डॉक्टरीच का, अशा एकेका आक्षेपाचे उत्तर त्या दिवशी त्यांनी दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही त्यांची प्रतिज्ञा तिथलीच. वय अठराही पूर्ण नव्हते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला होता, आणि बायकांना बाई डॉक्टर हवी हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. सोबतीला मिशनरी बायका होत्या. आपले माणूस एकही नव्हते. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. म्हणजे अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास!

आता मुलीचा पहिला प्रश्न : राहायच्या कुणाकडे? त्याचे उत्तर एका दातांच्या डॉक्टरच्या दारात सापडते. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. धर्मांतर करा, या सल्ल्याखेरीज पदरात काही पडले नाही. पण ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येईतो बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी अनोळखी मुलीला पत्र धाडले, तिचे उत्तर गेले आणि पत्रांची ये-जा सुरू झाली. बंदरावर उतरण्यापूर्वीच आनंदीबाईंना त्या देशात एक मावशी मिळाली होती. त्या त्यांना मावशीच म्हणत. मला तर वाटते, परक्या गावी जाणाऱ्याला पैशाआधी अशी एक मावशी हवी.

रोझेलचे ते दिवस सुखाचे. गाव लहान, पण त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनच्या विजेचे दिवे तिथे लागले होते. रॉकेलच्या दिव्याखाली वाचणारी आमची मुलगी अशा उजेडात येऊन उभी राहिली. तिथेच तिने एक गोष्ट शांतपणे ठरवली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत हे कसे निभावणार? तेव्हा साडी गुजराती पद्धतीने नेसायची. कुंकू आणि शाकाहार मात्र सोडायचा नाही. काय बदलायचे आणि काय राखायचे याची ही वाटणी तिची तिने केली. त्याबद्दल नवऱ्याला सात समुद्रांपलीकडे खुलासे लिहावे लागले, बोचरी उत्तरेही सोसावी लागली. आठवड्यांमागून आठवडे बोटीतून फिरून येणारी ती पत्रे! राग येईतो कारण शिळे झालेले आणि समजूत पोचेतो नवा राग तयार.

शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाला गेल्या. स्त्रियांसाठी १८५० मध्ये निघालेले तिथले वैद्यकीय कॉलेज. डीन रेचेल बॉडली मायाळू. विद्यार्थिवेतनही मिळाले. पण बिऱ्हाड? जी खोली मिळाली तिच्यातली शेगडी पेटवली की खोलीभर धूर कोंडे, आणि न पेटवावी तर हाडे गारठत. धूर सोसायचा की थंडी, एवढाच पर्याय. त्यात अभ्यास, त्यात स्वतःचा स्वयंपाक, तोही परक्या भाजीपाल्यावर. मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : मिळेल ते, शिजवता येईल तेवढे, आणि बहुधा पोटाला पुरेल त्याहून कमी.

प्रकृती ढासळली आणि क्षयाने गाठले. शेगडीच्या धुराने क्षय होत नाही, हे मलाही कळते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच, आनंदीबाई निघण्याच्या आदल्या वर्षी, दाखवून दिला होता. पण त्यावर लागू पडणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. तोवर रोग्याची ताकद हेच औषध. आणि ती ताकद त्या खोलीने आणि त्या अर्धपोटी जेवणाने आधीच खाल्ली होती.

तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. इतक्या दूर जाऊन ही मुलगी विचार करीत होती तो आपल्याच माजघरातल्या बाळंतिणीचा! कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. त्या त्याच वर्षाच्या अखेरीस परतल्या, पण ती खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बावीस वर्षेही पुरती झाली नव्हती.

माझ्या फळ्यावरची सनावळी इथे संपत असे. तिच्यापुढची एक गोष्ट मला या धुंडाळणीत कळली. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ती ठेवण्यात आली. आजही तिथे त्यांच्या नावाची शिळा आहे. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी शेवटी त्या घरची झाली.

दोन महिन्यांनी हे सारे मी वर्गात सांगितले. संध्याकाळी त्या मुलीच्या वडिलांकडे गेलो. आनंदीबाईंच्या पदवीबद्दल त्यांच्याशी अक्षर बोललो नाही. जिल्ह्याच्या गावी माझी एक जुनी विद्यार्थिनी संसार करते, तिचा पत्ता त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटले, "रविवारी पोरगी हिच्याकडं जेवेल. आणि खोली आपण दोघं जाऊन बघून येऊ."

आम्ही गेलो. तिसरी खोली पसंत पडली. वडिलांनी भाडे विचारले; मी आधी खिडकी उघडून पाहिली. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिचे पत्र आले. अभ्यासाविषयी त्यात दोनच ओळी होत्या. बाकी सारे पत्र, तिने आपल्या हाताने पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्या कशा फाटल्या आणि खोलीतल्या मैत्रिणींनी त्या तशाच कशा संपवल्या, याबद्दल होते. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला.